वेल्श भाषेचे नवे गाणे आणि नभोवाणीवरील स्त्रिया

भाषा कोठे जगते, असा प्रश्न केला तर विद्वान मनुष्य ग्रंथालयाकडे बोट दाखवील, धर्मनिष्ठ मनुष्य प्रार्थनामंदिराकडे दाखवील आणि राजकारणी मनुष्य विधिमंडळाकडे. ह्या तिन्ही ठिकाणी भाषेचा वास असावा हे खरेच. परंतु शनिवारी सायंकाळी, शाळा-कॉलेज आणि कामधंदा आटोपल्यावर, सतरा-अठरा वर्षांची मुले-मुली कोणत्या भाषेत गुणगुणतात, ह्यावरून त्या भाषेच्या पुढील पन्नास वर्षांचे भविष्य बरेचसे कळून येते, असे आम्हांस वाटते. ब्रिटनच्या पश्चिम अंगास असलेल्या वेल्स ह्या चिमुकल्या देशाने विसाव्या शतकात ह्या प्रश्नाशी झुंज दिली. त्या झुंजीची हकीकत सांगताना पुढाऱ्यांची नावे घेतली जातात, सत्याग्रहांची वर्णने केली जातात. ज्यांना सामान्यतः क्षुल्लक म्हणून बाजूस सारले जाते अशा दोन गोष्टींची मात्र त्यात पुरेशी दखल घेतली जात नाही. एक गोष्ट म्हणजे तरुणांचे पॉप संगीत, आणि दुसरी म्हणजे नभोवाणी व चित्रवाणी ह्यांच्या कचेऱ्यांत काम करणाऱ्या स्त्रिया. ह्या दोहोंचा परस्परांशी काय संबंध आहे तो उलगडून दाखवावा, एवढाच ह्या लेखाचा हेतू आहे.

प्रथम देशाची थोडी ओळख करून घेऊ. वेल्सचे क्षेत्रफळ सुमारे २०,८०० चौरस किलोमीटर व लोकसंख्या आज सुमारे ३१ लाख आहे. तेथील मूळ भाषा वेल्श. ती इंग्रजीची बोली नसून केल्टिक कुळातील एक स्वतंत्र आणि इंग्रजीहून जुनी भाषा आहे. १९०१ च्या खानेसुमारीत वेल्समधील जवळजवळ निम्मे लोक वेल्श बोलत होते. १९५१ साली हे प्रमाण शेकडा २९ च्या आसपास आले, १९६१ साली शेकडा २६, आणि १९७१ साली शेकडा २१ पर्यंत उतरले. खाणी व कारखाने ह्यांच्या निमित्ताने आलेली इंग्रजी भाषिक वस्ती, इंग्रजीतून चालणाऱ्या शाळा, इंग्रजी कचेऱ्या व न्यायालये ही कारणे तर होतीच. त्यांत नभोवाणीची भर पडली. ज्या घरात पूर्वी चुलीपाशी बसून वेल्शमध्ये गोष्टी आणि गाणी चालत, त्या घरात आता एक पेटी आली आणि ती पेटी बहुतांशी इंग्रजीत बोलू लागली.

स्त्रियांचा ह्या भाषेशी असलेला संबंध समजण्यासाठी आणखी थोडे मागे जावे लागते. १८४६ साली वेल्समधील शिक्षणाची पाहणी करण्यासाठी सरकारने तीन इंग्रज आयुक्त नेमले होते. तिघांनाही वेल्श येत नव्हती. त्यांच्या अहवालात वेल्श भाषेवर मागासलेपणाचा शिक्का मारण्यात आला आणि त्याच दमात वेल्श स्त्रियांच्या नीतिमत्तेवरही शिंतोडे उडविण्यात आले. भाषेची आणि स्त्रियांची अशी एकाच कागदावर बेअब्रू झाली. त्याला उत्तर म्हणून १८५० साली वेल्श स्त्रियांसाठी पहिले मासिक निघाले. पुढे १८७९ पासून सारा जेन रीस ही स्त्री, जी ‘क्रानॉगवेन’ ह्या टोपणनावाने प्रसिद्ध आहे, स्त्रियांसाठी निघालेल्या दुसऱ्या मासिकाची संपादक झाली. ही बाई जहाजावर काम केलेली, नौकानयन शिकविणारी, आणि १८६५ च्या राष्ट्रीय आयस्टेदवॉडमध्ये नामांकित पुरुष कवींना मागे टाकून बक्षीस मिळविणारी होती. आयस्टेदवॉड म्हणजे काव्य-संगीताच्या स्पर्धांचा उत्सव. आपले साहित्य संमेलन आणि संगीत महोत्सव एकाच मांडवात भरविले, तर त्याची थोडीफार कल्पना येईल.

गाण्याच्या बाबतीतही तसेच घडले. १९०६ साली वेल्श लोकगीत मंडळ स्थापन झाले, आणि त्यानंतर खेड्यापाड्यांतून म्हाताऱ्या माणसांची गाणी गोळा करण्याच्या कामात स्त्रिया पुढे आल्या. रूथ हर्बर्ट लुइस ह्या बाईंनी फोनोग्राफ यंत्र बरोबर नेऊन मेणाच्या नळकांड्यांवर ती गाणी उतरवून घेतली आणि १९१४ साली त्यांचा संग्रह प्रसिद्ध केला. म्हणजे वेल्श गाणे यंत्रात साठवून ठेवण्याच्या कामाचा आरंभकाळ पाहिला, तर तेथेही स्त्रीचा हात दिसतो. नभोवाणी यायला तेव्हा अद्याप अवकाश होता.

नभोवाणी आली ती १३ फेब्रुवारी १९२३ रोजी. त्या दिवशी कार्डिफ शहरात प्रक्षेपण केंद्र उघडले आणि पहिल्याच कार्यक्रमात एक वेल्श गीत वाजले. परंतु एका गीताने भाषेची सोय होत नाही. पुढील अनेक वर्षे वेल्श कार्यक्रमांसाठी लोकांना भांडावे लागले. १९३५ साली बँगर येथे स्टुडिओ निघाला आणि १९३७ साली वेल्सला स्वतंत्र तरंगलांबी मिळाली. दुसऱ्या महायुद्धानंतर बँगरहून ‘नोसॉन लावेन’, म्हणजे ‘आनंदी संध्याकाळ’, हा विनोद व गाण्यांचा कार्यक्रम प्रसारित होऊ लागला, तेव्हा वेल्श बोलणारी घरे प्रथमच एका वेळी एकच गाणे ऐकून हसू-गाऊ लागली. त्यात गाणाऱ्या कॉलेजच्या त्रयीतील एक तरुण म्हणजे मेरेदिद एव्हन्स. हे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे, कारण ते पुढे पुन्हा येणार आहे.

ह्या संस्थेत स्त्रियांचे स्थान काय होते? लंडनच्या मुख्य कचेरीने १९३२ साली विवाहित स्त्रियांना नोकरीत घेण्यावर निर्बंध घातला होता. तो १९४४ पर्यंत टिकला. बातम्या, राजकारण, धर्म हे विषय पुरुषांचे, आणि मुलांचा कार्यक्रम, गृहिणींचा कार्यक्रम, हलकीफुलकी करमणूक हे स्त्रियांना शोभणारे, अशी विभागणी कोठे लिहून ठेवलेली नसली तरी चालत होती. लंडनच्या चित्रवाणीवर १९६० साली नॅन विंटन ही स्त्री राष्ट्रीय बातम्या वाचावयास बसली, तेव्हा प्रेक्षकांच्या तक्रारींचे निमित्त होऊन तिला लौकरच ते काम सोडावे लागले.

वेल्समध्ये चित्र थोडे निराळे होते. पुढे अभिनेत्री म्हणून जगभर नाव मिळविलेल्या शान फिलिप्स ह्यांनी १९५० नंतरच्या वर्षांत वेल्समधील नभोवाणीवर निवेदिका व वृत्तनिवेदिका म्हणून काम केले होते. १९६१ साली चित्रवाणीवर ‘हेदिउ’, म्हणजे ‘आज’, हा वेल्श भाषेतील वार्ताविषयक कार्यक्रम सुरू झाला, त्याची उभारणी नॅन डेव्हिस ह्या निर्मातीने केली. ह्याचे एक कारण उघड आहे. वेल्श उत्तम जाणणारी, लिहू-बोलू शकणारी आणि प्रक्षेपणाचे तंत्र शिकण्यास तयार अशी माणसे मुळातच थोडी होती. ज्या संस्थेला माणसांची टंचाई असते, तिला अर्ध्या माणसांकडे पाठ फिरविणे परवडत नाही. भाषा लहान असल्याचा हा एक अनपेक्षित लाभ म्हणावयाचा. मात्र दार पुरते उघडले असे नव्हे. वरिष्ठांच्या खुर्च्या दीर्घकाळ पुरुषांकडेच राहिल्या.

आता आपण १९६२ सालाकडे येऊ. ज्या तारखेस कार्डिफचे केंद्र उघडले होते, त्याच १३ फेब्रुवारीला, एकोणचाळीस वर्षांनंतर, नाटककार साँडर्स लुइस ह्यांचे नभोवाणीवर वार्षिक व्याख्यान झाले. विषय होता भाषेचे भवितव्य. खानेसुमारीचे आकडे प्रसिद्ध व्हावयाचे होते, आणि ते निराशाजनक असणार हे लुइस ह्यांनी आधीच ओळखले होते. आहे हीच गती राहिली तर एकविसाव्या शतकाच्या आरंभी वेल्श ही जिवंत भाषा म्हणून उरणार नाही, असा त्यांचा इशारा होता. आणि सरकारी कामकाज वेल्शवाचून चालूच नये अशी परिस्थिती निर्माण करा, असा त्यांचा उपदेश होता. उदाहरण म्हणून त्यांनी लँगेनेख गावच्या ट्रेव्हर व आयलीन बीझली ह्या जोडप्याचे नाव घेतले. ह्या दोघांनी १९५२ पासून घरपट्टीची मागणी वेल्शमध्ये मिळाल्यावाचून पैसे भरावयाचे नाकारले होते. बेलिफांनी घरातील सामान उचलून नेले. आठ वर्षे हा प्रकार चालला आणि अखेर १९६० साली वेल्श कागद आला. व्याख्यानमालेच्या श्रोत्यांना हे ऐकून समाधान वाटेल की, एका व्याख्यानाने येथे खरोखर चळवळ उभी केली. त्याच वर्षी वेल्श भाषा मंडळ स्थापन झाले आणि फेब्रुवारी १९६३ मध्ये तरुण मुलामुलींनी अ‍ॅबरिस्टविथ येथील पूल अडवून धरला.

परंतु ह्या व्याख्यानाने एक प्रश्न तसाच राहिला. सरकारी फॉर्म वेल्शमध्ये आला म्हणून तरुण माणूस वेल्शमध्ये प्रेमात पडेल काय? १९६२–६३ ही बीटल्स मंडळींच्या उदयाची वर्षे. लिव्हरपूल हे शहर उत्तर वेल्सच्या अगदी शेजारी. इंग्रजी तबकड्या, इंग्रजी गिटार, इंग्रजी नृत्यगृहे ह्यांचा लोट वेल्सच्या खेड्यांत शिरत होता. वेल्श ही चॅपेलची, आयस्टेदवॉडची, आजीआजोबांची भाषा; आणि इंग्रजी ही मौजेची. भाषेचा पराभव कचेरीत होण्याआधी असा नृत्यगृहात होत असतो. तेथे कोणी जप्ती आणत नाही, म्हणून तो कोणाच्या ध्यानातही येत नाही.

९ फेब्रुवारी १९६४ रोजी वेल्ससाठी बी.बी.सी.ची स्वतंत्र चित्रवाणी सेवा सुरू झाली. करमणूक विभागाची धुरा बँगरच्या त्रयीतील मेरेदिद एव्हन्स ह्यांच्याकडे १९६३ सालीच आली होती. कार्डिफमध्ये ब्रॉडवे भागातील एका जुन्या चॅपेलचा स्टुडिओ करण्यात आला होता. म्हणजे जेथे पूर्वी स्तोत्रे गाइली जात तेथे आता दिवे आणि कॅमेरे आले. ह्या विभागाने प्रथम ‘होब अ देरी दांडो’ हा लोकगीतांच्या वळणाचा कार्यक्रम काढला, आणि त्यानंतर ‘डिस्क अ डाउन’ हा उघडउघड तरुणांसाठी असलेला पॉप गीतांचा कार्यक्रम. ह्या दोन्ही कार्यक्रमांच्या निर्मितीत रूथ प्राइस ह्या बाईंचे नाव अग्रभागी आहे. लंडनमध्ये तेव्हा काय स्थिती होती? १९६७ च्या सप्टेंबरात बी.बी.सी.ने ‘रेडिओ वन’ हे खास पॉप संगीताचे केंद्र उघडले, तेव्हा तबकड्या वाजवून बोलणाऱ्या निवेदकांत एकही स्त्री नव्हती. अ‍ॅनी नाइटिंगेल ह्यांना तेथे प्रवेश मिळाला तो १९७० साली. वेल्समध्ये मात्र कोणते गाणे तरुणांपर्यंत जाईल आणि कोणते जाणार नाही, हे ठरविणाऱ्या मोजक्या माणसांत त्या आधीच एक स्त्री बसली होती.

निर्माती नेमके काय करते, ह्याची सामान्य श्रोत्यास सहसा कल्पना नसते. पडद्यावर गायिका दिसते, निर्माती दिसत नाही. इंग्रजी कार्यक्रमाच्या निर्मात्याचे काम निवडीचे होते. दर आठवड्याला शेकडो नव्या तबकड्या त्याच्या टेबलावर येऊन पडत. वेल्श कार्यक्रमाच्या निर्मातीसमोर तबकड्याच नव्हत्या. कॅम्ब्रियन, वेल्श टेलडिस्क, रेन अशा थोड्या लहान कंपन्या होत्या. त्यांच्या प्रती थोड्या निघत आणि विषय बहुधा भक्तिगीते, समूहगान किंवा वीणेवरील जुन्या चालींचे असत. तेव्हा कार्यक्रम भरावयाचा तर गाणारी माणसे शोधून आणणे भाग होते. कॉलेजांतून, तरुणांच्या शिबिरांतून, आयस्टेदवॉडच्या स्पर्धांतून, खेड्यांतील समारंभांतून गायक-गायिका निवडावयाच्या. त्यांना कॅमेऱ्यासमोर उभे राहावयास शिकवावयाचे. गाणे नसेल तर कोणाकडून लिहून घ्यावयाचे, आणि पुढच्या आठवड्यासाठी पुन्हा तेच. आरंभी इंग्रजी गाण्यांचे वेल्श अनुवाद पुष्कळ गाइले गेले. परंतु आठवड्यामागून आठवडे तीच गाणी कशी चालणार? मागणी सतत राहिली म्हणून नवी गाणी रचली जाऊ लागली. विहिरीला पाणी आहे की नाही हे मोट सुरू झाल्यावाचून कळत नाही. वेल्श पॉप संगीताच्या बाबतीत ही मोट चित्रवाणीच्या ह्या कार्यक्रमांनी चालविली, असे म्हणावयास आम्हांस मुळीच संकोच वाटत नाही.

ह्या काळातील गायकवर्गात मुलींचा भरणा मोठा होता. ‘अ डिलिआइ’ आणि ‘अ पेलिड्राइ’ ह्यांच्यासारखे गिटारवर तीन सुरांत गाणारे मुलींचे संच लोकप्रिय झाले. १९६९ साली वेल्श गीतांची ‘कान ई गम्री’ ही वार्षिक स्पर्धा चित्रवाणीवर सुरू झाली, तिचे पहिले पारितोषिक मार्गारेट विल्यम्स ह्या गायिकेने गाइलेल्या गीतास मिळाले. पुढे त्या अनेक वर्षे चित्रवाणीवर घरोघरी परिचित राहिल्या. हेदर जोन्स ही कार्डिफची मुलगी. तिच्या घरची भाषा इंग्रजी. वेल्श ती शाळेत शिकली. भाषा गमावण्याच्या दुःखावर हॅरी वेब ह्यांनी लिहिलेले आणि मेरेदिद एव्हन्स ह्यांनी चाल दिलेले गीत तिच्याच आवाजात सर्वत्र पोचले. मातृभाषा म्हणून जी भाषा मिळाली नाही, तिच्या विरहाचे गाणे एका शिकून आलेल्या मुलीने गावे, ह्यात वेल्सच्या स्थितीचे सारे सार आले आहे.

ह्याच्या उलट बाजूचे उदाहरणही सांगितले पाहिजे. पाँटारडाउए गावच्या मेरी हॉपकिन ह्या मुलीने आरंभीची वेल्श गीते कॅम्ब्रियन कंपनीसाठी गाइली. १९६८ साली एका इंग्रजी गुणदर्शन स्पर्धेत ती झळकली. बीटल्सपैकी पॉल मॅकार्टनी ह्यांनी तिची तबकडी केली, आणि ते इंग्रजी गीत ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेले. त्यात तिचा दोष काहीच नाही. परंतु प्रत्येक गुणी मुलीपुढे हाच प्रश्न उभा होता. लंडनला गेले तर जग, आणि वेल्शमध्ये राहिले तर शनिवारचा एक कार्यक्रम आणि काही शे-हजार तबकड्या. लहान भाषेतील कलावंताकडे आपण त्याग मागतो, तेव्हा त्याला उभे राहण्यास निदान एक व्यासपीठ देतो की नाही, हे आधी पाहिले पाहिजे. वेल्समध्ये ते व्यासपीठ चित्रवाणीने दिले आणि पुढे ध्वनिमुद्रण कंपनीने ते पक्के केले. १९६९ साली गायक दाविद इवान व ह्यू जोन्स आणि त्यांचे साहाय्यक ब्रायन मॉर्गन एडवर्ड्स ह्यांनी ‘साइन’ ही कंपनी काढली. तिची पहिली तबकडी ह्यू जोन्स ह्यांच्या ‘डूर’, म्हणजे ‘पाणी’, ह्या गीताची होती. लिव्हरपूलला पाणी पुरविण्यासाठी धरण बांधून १९६५ साली कॅपेल केलिन हे वेल्श भाषिक गाव बुडविण्यात आले, त्या जखमेचे ते गीत.

१९६७ हे वर्षही लक्षात ठेवण्याजोगे आहे. त्या वर्षी बाला गावी राष्ट्रीय आयस्टेदवॉड भरला, तेथे ‘अ ब्लेउ’ ह्या विद्यार्थ्यांच्या संचाने विजेची गिटार घेऊन वेल्शमध्ये रॉक संगीत वाजविले, आणि वडीलधाऱ्यांच्या भुवया उंचावल्या. त्याच वर्षी बालाजवळील पार्क ह्या खेड्यातील स्त्रियांनी, आपल्या महिला संस्थेचा कारभार इंग्रजीतून चालावा ह्या आग्रहाला कंटाळून, स्वतंत्र वेल्श महिला संघटना काढली. एका बाजूस केस वाढविलेली पोरे आणि दुसऱ्या बाजूस खेड्यातील गृहिणी. एकमेकांशी त्यांचे फारसे पटलेही नसते. तरीही दोघांनी एकच गोष्ट केली. जेथे वेल्श चालत नाही असे गृहीत धरले होते, तेथे त्यांनी ती चालवून दाखविली.

रॉक संगीताचे युग आले तसे स्त्रियांचे चित्र मात्र काहीसे पालटले. पांढरे कपडे घालून गोड आवाजात गाणाऱ्या मुलींचा संच चित्रवाणीला सोयीचा होता. धुरकट सभागृहातील मोठ्या आवाजाच्या मैफलीत मात्र वाद्ये आणि रंगमंच पुरुषांनी ताब्यात घेतला. १९७३ साली निघालेला ‘एडवर्ड एच. डाविस’ हा त्या काळचा सर्वांत गाजलेला संच पुरुषांचाच होता. ‘सिदान’ हा मुलींचा संच निघाला, १९७४ साली कार्मार्थनच्या आयस्टेदवॉडमध्ये झालेल्या ‘निआ बेन आउर’ ह्या रॉक संगीतिकेत नायिकेची भूमिका हेदर जोन्सने गाइली. परंतु असे प्रसंग थोडे. सिदानमधील कॅरिल पॅरी जोन्स ही मुलगी पुढे गीतकार, गायिका, विनोदी अभिनेत्री आणि नभोवाणी निवेदिका म्हणून वेल्सभर प्रसिद्ध झाली. गाण्याच्या मंचावर जी जागा आखडती होती, ती नभोवाणीवर तिला विस्तृत मिळाली.

३ जानेवारी १९७७ रोजी ‘रेडिओ कम्री’ हे वेल्श भाषेचे स्वतंत्र नभोवाणी केंद्र सुरू झाले. पुढच्याच वर्षी वेल्ससाठी इंग्रजी भाषेतील ‘रेडिओ वेल्स’ निघाले, त्याच्या पहिल्या संपादक तेलेरी बेव्हन ह्या होत्या. पुढे त्या बी.बी.सी. वेल्सच्या कार्यक्रमप्रमुख झाल्या. निर्मातीच्या खुर्चीतून संपादकाच्या खुर्चीत जावयास स्त्रीला इतका काळ लागला. वेल्श चित्रवाणी वाहिनीसाठी लढा चालूच होता. १९७९ साली पेनकॅरेग येथील प्रक्षेपक बंद पाडणाऱ्या तीन प्रतिष्ठित गृहस्थांत आपले मेरेदिद एव्हन्स होते; करमणूक विभागाचा हा माजी प्रमुख साठीला टेकला असता कायदा मोडून न्यायालयासमोर उभा राहिला. १९८० साली ग्विनवॉर एव्हन्स ह्यांनी प्राणांतिक उपोषणाची घोषणा केल्यावर सरकारने माघार घेतली आणि १ नोव्हेंबर १९८२ रोजी ‘एस-फोर-सी’ ही वाहिनी सुरू झाली.

परंतु केंद्र मिळाले म्हणजे काम संपत नाही. केंद्र स्थिर झाले की ते सावध होते. सर्वांना चालेल असेच गाणे वाजवू लागते, आणि तरुणांचे नवे, खडबडीत गाणे पुन्हा दाराबाहेर राहते. १९८० नंतर हेच झाले. ‘दात्‌ब्लगी’सारख्या संचाची गाणी, ज्यात पॅट्रिशिया मॉर्गन ह्या वादिकेचा मोठा वाटा होता, इंग्लंडमधील जॉन पील ह्यांच्या कार्यक्रमात आवर्जून वाजविली गेली. वेल्श गाणे लंडनहून ऐकावे लागावे, हा विनोद कडवट होता. १९९० नंतरच्या पहिल्या वर्षांत निआ मेलव्हिल ह्या तरुणीने रेडिओ कम्रीवर ‘आज रात्री पक्षी गातील’ अशा अर्थाच्या नावाचा कार्यक्रम चालवून ह्या नव्या संगीतास हक्काची जागा दिली. १९९९ मध्ये ‘रेडिओ वन’ने वेल्ससाठी वेगळा कार्यक्रम काढला, त्याच्या दोन निवेदकांपैकी बेथन एल्विन ही एक, पुढे लिसा ग्विलिम ह्यांनी रेडिओ कम्रीवर नव्या संचांना तीच साथ दिली. रूथ प्राइस ह्यांनी जे केले, तेच ह्या स्त्रियांनी आपापल्या काळात केले. ज्या गाण्याला अद्याप नाव मिळालेले नाही ते कान देऊन ऐकावयाचे आणि आपल्या जबाबदारीवर दुसऱ्यांना ऐकवावयाचे.

गाणे आणि नभोवाणी एकमेकांवाचून किती पंगू आहेत, ह्याचा प्रत्यय २०१३ च्या जानेवारीत आला. मानधनाचे नियम काही वर्षांपूर्वी बदलल्यामुळे वेल्श गीतकारांचे उत्पन्न फार घटले होते. त्यांनी ‘एऑस’, म्हणजे बुलबुल, ह्या नावाची स्वतःची संस्था काढून हक्क तिच्याकडे दिले आणि बी.बी.सी.शी करार न झाल्याने सुमारे ३०,००० वेल्श गाणी रेडिओ कम्रीला वाजविता येईनात. केंद्राला कार्यक्रम आखडते घ्यावे लागले. फेब्रुवारीत तात्पुरता समेट झाला. वर्षअखेर लवादाने वार्षिक १ लाख पौंडांची रक्कम ठरविली. त्या सहा आठवड्यांत केंद्राला कळले की गाण्यावाचून आपण मुके आहोत, आणि गीतकारांनाही कळले की दुसरे कोणतेही केंद्र आपली गाणी दिवसभर वाजविणार नाही.

त्याच वर्षी बेट्सन पोविस ह्या रेडिओ कम्रीच्या संपादक झाल्या. २०१८ मध्ये ते पद रिआनेद रिचर्ड्स ह्यांच्याकडे आले आणि २०२१ साली त्या साऱ्या बी.बी.सी. वेल्सच्या संचालक झाल्या. त्यांच्या आधी २००० ते २०११ पर्यंत मेना रिचर्ड्स ह्यांनी ते सर्वोच्च पद सांभाळले होते. गाण्याच्या मंचावरही पालट झाला. २०१३ साली जॉर्जिया रूथ, २०१५ साली ग्वेनो साँडर्स ह्या गायिकांना वेल्श संगीत पुरस्कार मिळाला. कार्मार्थनच्या तीन मुलींचा ‘आद्वाइथ’ हा संच २०१९ आणि २०२२ असा दोनदा तो पुरस्कार मिळविणारा पहिला संच ठरला, आणि दोन्ही वेळा वेल्श भाषेतील गाण्यांसाठी. पूर्वी ज्या मुलींना गोड गावे आणि बाजूस उभे राहावे असे सांगितले जाई, त्यांच्या नाती आता गिटार, ढोल आणि शब्द सारे स्वतः सांभाळतात.

आता शेवटचा प्रश्न. ह्या सगळ्याने भाषा वाचली काय? खोटी आशा दाखवून उपयोग नाही. २०२१ च्या खानेसुमारीत वेल्श बोलणारे सुमारे ५ लाख ३८ हजार, म्हणजे शेकडा १७.८ निघाले, आजवरचे सर्वांत कमी प्रमाण. २०५० पर्यंत दहा लाख भाषक करण्याचे सरकारचे उद्दिष्ट आहे आणि ते सोपे नाही. गाणे शाळा काढीत नाही, खेड्यातील घरांच्या किमती उतरवीत नाही, तरुणांना गावात रोजगार देत नाही. भाषेचा सारा भार गाण्यावर टाकणे अन्यायाचे होईल.

तरीही साँडर्स लुइस ह्यांनी वर्तविलेला काळ येऊन गेला आणि वेल्श जिवंत आहे. तिच्यात भांडणे होतात, थट्टा होते, आणि शनिवारी रात्री मोठ्या आवाजात गाणीही होतात. जिच्यात केवळ प्रार्थना आणि भाषणे होतात अशी भाषा आदरणीय असते, परंतु तरुण माणसे तिच्यात राहावयास जात नाहीत. वेल्शला राहते घर ठेवण्याचे काम पुष्कळांनी केले. त्यांत, मुलांचे, बायकांचे आणि करमणुकीचे म्हणून ज्यांच्याकडे दुय्यम विभाग सोपविण्यात आले, त्या स्त्रियांचा वाटा मोठा आहे. वरिष्ठांनी ज्याला दुय्यम मानले, भाषेच्या दृष्टीने नेमका तोच विभाग महत्त्वाचा होता. ज्या समाजाला आपल्या भाषेची चिंता आहे त्याने आपल्या नभोवाणीवर आणि पडद्यावर तरुणांसाठी कोणती वेळ राखली आहे, त्या वेळेचा कारभार कोणाच्या हाती आहे आणि त्या व्यक्तीला किती मोकळीक आहे, एवढे तीन प्रश्न स्वतःस विचारावेत. भाषेच्या अभिमानाची भाषणे त्यानंतर करावीत.